आमच्या बाजूचा की त्यांच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिले होते की, संकट आले की ख्रिस्ती माणूस ‘प्रभूची इच्छा’ म्हणतो आणि हातावर हात ठेवून बसतो. वाचून आधी रागच आला. उत्तर लिहायला बसलो आणि अडलो. आरोप खरा नाही, पण आमचे खरे दुखणे त्याहून अवघड आहे. आमच्यातले बहुतेक जण बसून राहत नाहीत. लढाई कोणती, शत्रू कोण, शस्त्रे कुठली हे सगळे आम्हीच ठरवतो आणि मग देवाला बोलावतो, खाली सही करायला.

दुसऱ्यांचे कशाला सांगू? वडिलांच्या घरावरून धाकट्या भावाशी माझा दावा चालू आहे, त्याला आता आठ वर्षे झाली. प्रार्थनेचे विषय लिहून ठेवायची माझी एक वही आहे. दावा लावला त्या दिवशी तारीख घालून मी तिच्यात लिहिले होते, ‘प्रभू, सत्य माझ्या बाजूला आहे, तूही राहा.’ आज त्यातला ‘ही’ फार टोचतो. वकील झाले, कागदपत्रे झाली, दोन साक्षीदार झाले, यादीत शेवटचे नाव तेवढे देवाचे राहिले होते.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातला पाचवा अध्याय मी लहानपणापासून वाचत आलो आहे. वाचत आलो म्हणजे ओलांडत आलो, कारण डोळे लागलेले असत सहाव्यात कोसळणाऱ्या यरीहो शहराच्या भिंतींकडे. त्या भिंतींच्या आधी एक छोटा प्रसंग आहे. इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा याला उपसलेली तलवार हातात घेतलेला एक पुरुष समोर उभा दिसतो. यहोशवा त्याला विचारतो, तू आमच्या बाजूचा की आमच्या शत्रूंच्या? सेनापतीने विचारावा असाच सरळ प्रश्न. उत्तर मात्र सरळ येत नाही. तो पुरुष म्हणतो, नाही, मी परमेश्वराच्या सेनेचा सेनापती म्हणून आलो आहे. ‘हा की तो’ या प्रश्नाला ‘नाही’! यहोशवा पालथा पडतो आणि विचारतो, माझ्या स्वामीची दासाला काय आज्ञा आहे? तेव्हाही लढाईचा नकाशा मिळत नाही. मिळते ते एवढेच की, पायांतले जोडे काढ, तू उभा आहेस ती जागा पवित्र आहे. शहराभोवती सहा दिवस रोज एक फेरी आणि सातव्या दिवशी सात, हा सगळा तपशील नंतरचा. सेनापती कोण, हे आधी ठरले.

उलट बाजूची गोष्ट १ शमुवेल या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि मला वाटते आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून ती फारच कमी वेळा सांगितली जाते. शत्रू असलेल्या पलिष्टी लोकांशी पहिल्या चकमकीत इस्राएलाचे सुमारे ४,००० लोक पडले. वडीलजन जमले आणि त्यांनी अगदी योग्य प्रश्न विचारला : परमेश्वराने आज आपला पराभव का होऊ दिला? पण उत्तरासाठी कोणी थांबले नाही. लागलीच ठरले की शिलो गावाहून कराराचा कोश (देवाच्या आज्ञा ठेवलेली पवित्र पेटी) आणायचा, म्हणजे तो आपल्याला वाचवील. कोश छावणीत आला तेव्हा भूमी दणाणेल असा जयघोष झाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, काय हा विश्वास! पलिष्टीसुद्धा घाबरले. पण त्या दिवशी इस्राएलाचे ३०,००० पायदळ पडले, कोश शत्रूच्या हाती गेला, याजक एलीचे दोन्ही पुत्र मारले गेले आणि कोश गेल्याचे ऐकून ९८ वर्षांचा एली आसनावरून मागे पडून मान मोडून मेला. देव हरला नव्हता. पुढच्याच अध्यायात पलिष्ट्यांचा देव दागोन आपल्याच देवळात कोशापुढे पालथा पडलेला सापडतो. हरले ते देवाला ताईतासारखे वापरू पाहणारे.

दावीद वेगळा वागला. तो इस्राएलाचा राजा झाल्यावर पलिष्टी रेफाईमच्या खोऱ्यात पसरले, तेव्हा त्याने परमेश्वराला विचारले, चढाई करू का? उत्तर आले, कर. तो जिंकला. पलिष्टी पुन्हा आले, त्याच खोऱ्यात. आता माझ्यासारख्याने काय केले असते? गेल्या वेळची युक्ती वापरली असती आणि वर साक्षही दिली असती. दावीद पुन्हा विचारतो, आणि या वेळी उत्तर उलटे येते : समोरून जाऊ नकोस, मागून वळसा घाल, तुतीच्या झाडांच्या शेंड्यांतून पावलांचा आवाज येईल तेव्हा हालचाल कर. शत्रू तोच, खोरे तेच, देवही तोच, फक्त आज्ञा नवी. नेतृत्व मान्य करणे ही एकदा बाप्तिस्म्याच्या वेळी उरकून टाकायची गोष्ट नाही, हे मला त्या झाडांनी शिकवले.

आता त्या वाचकाच्या आरोपाकडे येतो. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना तांबड्या समुद्रापाशी त्यांचा पुढारी मोशे म्हणाला की परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा. हे वचन आमच्या घराघरांतल्या भिंतींवर असते. त्याच्या लगेच पुढचे वचन भिंतीवर पाहिल्याचे मला आठवत नाही. त्यात परमेश्वर मोशेला विचारतो, माझा धावा काय करतोस? लोकांना पुढे चालायला सांग. यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्यानेही प्रार्थना केली आणि पहारेही बसवले. आजारपणात औषध सोडून नुसती प्रार्थना करा असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की प्रेषित पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो. उपचार घेतल्याने अधीनता उणी होत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ‘अधीन व्हा’ हा शब्द आमच्यात फार स्वस्तात वापरला जातो. घरात मार खाणाऱ्या बाईला, पैशाचा हिशेब मागणाऱ्या सभासदाला ‘देवाच्या अधीन राहा’ म्हणून गप्प बसवणारा माणूस बहुधा स्वतःच्या अधीन राहा असे सांगत असतो. येशूचा शिष्य पेत्र आणि इतर प्रेषितांनी यहूदी धर्मसभेपुढे उभे राहून सांगितले होते की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. देवाचे नेतृत्व मानणाऱ्याला कधी कधी माणसाला ‘नाही’ म्हणावेच लागते.

मग देव नेतो कुठे, हे कळते कसे? मला कधी आवाज ऐकू आला नाही. पवित्र शास्त्र, प्रार्थना, दोन-चार जाणत्यांचा सल्ला आणि टोचणी देणारे मन, एवढीच साधने माझ्याजवळ आहेत. अनुभवाने एक खूण मात्र सापडली : ‘प्रभूने मला दाखवले’ असे जे जे मी म्हटले ते दर वेळी माझ्या फायद्याचेच निघाले, तर दाखवणारा कोण होता याची शंका घ्यावी. पौलाने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, त्याला कृपा मिळाली. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, तर खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि पुढे म्हटले की माझ्या इच्छेप्रमाणे नको. त्याच बागेत पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान तोडला. प्रभूच्या बाजूने लढायला पेत्र तयार होता, प्रभूने मात्र त्याला लढायला सांगितलेच नव्हते.

माझ्या दाव्याला लागू पडणारी वचने मी सोयीस्करपणे टाळली होती. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल कोर्टात भांडणाऱ्या भावांना विचारतो, त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही? लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तर माझाच माणूस भेटतो. तो गर्दीतून ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? आणि मग लोभाविषयी बोलू लागतो. भाऊ दोषी होता का, हे तिथे लिहिलेले नाही.

दावा मागे घ्यावा की नाही, हे मला अजून कळलेले नाही. प्रत्येक दावा पाप आहे असेही मी म्हणणार नाही. पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली होती. पण गेल्या तारखेला एक झाले. आमचे प्रकरण पुकारायचे होते, आणि भाऊ समोरच्या बाकावर बसला होता. त्याच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने गुंडाळून बांधलेली होती. आमचे वडीलही तशीच बांधत, आणि गाठ कानामागे लपवत. आठ वर्षे मी या माणसाचे वकील पाहत होतो, अर्ज पाहत होतो. तो म्हातारा झालेला दिसला नव्हता. मी उठलो नाही, बोललो नाही. पुढची तारीख घेऊन घरी आलो.

त्या रात्री वहीत नवे पान काढले आणि ‘जिंकून दे’ न लिहिता फक्त ‘काय आज्ञा आहे?’ एवढे लिहिले. खाली अजून काही लिहिलेले नाही. तारखेला तीन आठवडे आहेत, आणि वकिलांचा दोनदा फोन येऊन गेला. थांबा, विचारतो आहे, असे त्यांना सांगितले आहे. कोणाला विचारता, असे त्यांनी विचारले नाही.

आपला,
एक वाचक