मशेरी ‘खात’ नाहीत, ‘लावतात’

प्रति,
मा. संपादक,

विषय : तंबाखूविरोधी दिनाच्या पानात बायका कुठे आहेत?

स.न.वि.वि.

३१ मेच्या आपल्या अंकात तंबाखूविरोधी दिनाचं अख्खं पान होतं. त्यावर तीन फोटो. एकाच्या ओठात सिगारेट, एक तळहातावर तंबाखू मळतोय, तिसऱ्यात टपरीला लटकलेल्या पुड्यांच्या माळा. मजकूर चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या आळीतल्या कितीतरी बायकांनी ते पान बघून ‘आपल्याला बाई असलं काही व्यसन नाही’ असं म्हटलं असेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात मशेरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची, पुडी बांधली असेल. हे मी कुणाची थट्टा म्हणून लिहीत नाही. एकतीस वर्षं मीही हेच केलं.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. नोकरीत असताना घरोघरच्या नोंदी मीच भरायचे. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बाई ठामपणे ‘नाही’ म्हणायची आणि मी ‘नाही’ लिहायची. ती खोटं बोलत नव्हती. मशेरी कुणी खात नाही, ती लावतात. जे खातात ते व्यसन, ज्यानं दात घासतात ते काय, दंतमंजनच की! तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी आणली, पण घरच्या तव्यावरच्या दंतमंजनाला कुठला कायदा लागू व्हायचा? विकतच्या तंबाखूच्या पाकिटावर गळ्याच्या, तोंडाच्या कॅन्सरचे फोटो असतात, मदतीचा नंबर असतो. आम्ही बाजारातून सुटी काळी तंबाखू आणतो आणि तव्यावर भाजतो. फोटो नाही, नंबर नाही. तिखट धुराची खाट मात्र अशी उठते की घरातली पोरं ठसकत अंगणात पळतात आणि चार घरं पलीकडे कळतं, अमकीची मशेरी संपली होती.

मला ती लागली दाढेच्या दुखण्यातून. थोरल्याच्या वेळची बाळंतीण होते, रात्रभर दाढ ठणकत होती. सासूबाईंनी मायेनंच डबी पुढे केली, ‘चिमूटभर लाव, बधिर होईल.’ पहिल्या दिवशी घेरी आली, उलटी झाली. चौथ्या दिवशी काहीच झालं नाही. महिन्याभरात दाढ बरी झाली, डबी राहिली. अंगावर पाजत होते तेव्हा. पुढं मी आयाबायांना पोषण आहार समजावून सांगायची आणि कमरेला डबी असायची, हेही लिहून टाकते.

मुंबईतल्या बाराशेच्या वर गर्भवतींचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मशेरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचं जन्मवजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. वाचणाऱ्याला १०५ ग्रॅम म्हणजे काहीच वाटणार नाही. आमच्या झोळीच्या काट्यावर ती एक बारीक रेघ असते. अडीच किलोच्या अलीकडे की पलीकडे हे त्या एका रेघेवर ठरताना मी किती वेळा पाहिलंय. प्रत्येक वेळी कारण लिहिलं ‘आईचा आहार अपुरा’. डबीचं कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिनं मलाही विचारलं असतं.

आता मुद्द्यावर येते. ‘मनावर घेतलं की सुटतं’ असं आपल्या लेखात एका ठिकाणी आहे. मी तीन वेळा मनावर घेतलं.

पहिल्यांदा नवरात्रात देवीपुढं सोडली. नऊ दिवस अनवाणी चालले आणि मशेरीलाही शिवले नाही. दसऱ्याच्या सकाळी उपवास सुटला तशी मशेरीही सुटली असं मनानंच ठरवून टाकलं, म्हणजे मोकळी झाली लावायला! आमच्याकडे बऱ्याचजणींचं असं होतं. नवसानं सोडलेलं नवसाच्या मुदतीपुरतंच सुटतं.

दुसऱ्यांदा दातांच्या शिबिरात डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि मी घाबरून सोडली. पहिल्या आठवड्यात डोकं भणभणायचं, सुनेवर कारण नसताना ओरडायची आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. ‘मशेरीशिवाय परसाकडंला होत नाही’ हे खेड्यात सगळ्या बायका म्हणतात आणि शिकलेली माणसं त्याला हसतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. तंबाखूतल्या निकोटीननं आतडी हलतात. वर्षानुवर्षं त्याची सवय लागलेलं पोट ते बंद झाल्यावर अडून बसतं. हे काही आठवड्यांत आपोआप सुधारतं एवढं एक वाक्य मला त्या शिबिरात कुणी सांगितलं असतं तर! कॅन्सरचं भलंमोठं चित्र मात्र दाखवलं. कॅन्सर पुढं कधीतरी होणार असतो, पोट आज सकाळी साफ व्हायचं असतं.

तरीही चाळीस दिवस निभावले. मग बहीण गेली. दहाव्याला सगळ्या बायका पडवीत भिंतीला टेकून बसलेल्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि डबी या हातातून त्या हातात चाललेली. माझ्यापुढं आली. एक बोट लावलं. खरं तर ते एकच बोट होतं, तिथंच थांबता आलं असतं. पण परत येताना एसटीत डोक्यात एकच, ‘मोडलंच ना आता, मग कशाला उगाच?’ घरी पोचल्यावर आधी तवा चढवला. एका बोटानं चाळीस दिवस पुसले जात नाहीत हे मला तेव्हा कळत नव्हतं. नवसाचा हिशेब डोक्यात पक्का होता, एकदा बाटलं की सगळंच बाटलं. आज वाटतं, मला मशेरीनं जेवढं धरून ठेवलं तेवढंच या हिशेबानंही.

तिसऱ्या वेळी भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तोंडही उघडायला लावलं नाही. विचारलं, ‘झोपेतून उठल्यावर किती वेळानं लावता?’ मी म्हटलं, ‘डोळे उघडायच्या आधी डबी चाचपते.’ त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं, की निकोटीन दोनेक तासांत रक्तात निम्म्यावर येतं. रात्रभर झोपलं की पहाटे शरीर त्यासाठी वखवखलेलं असतं, म्हणून डोकं जड. मशेरी लावली की हलकं होतं. मला एकतीस वर्षं वाटत होतं मशेरी माझी डोकेदुखी घालवते. दुखणंही तिचंच होतं आणि औषधही तीच. सावकारानं दिलेल्या पैशातून त्याचंच व्याज फेडावं तसं.

त्यांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं, कसं थोडं चावून गालात ठेवायचं ते दाखवलं आणि आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं, कधी लावली आणि त्याआधी काय झालं. वही भरायची मला सवयच. दिवसाला पाच वेळा निघाल्या. पहाटे, जेवल्यावर, रात्री निजताना. या तीन समजण्यासारख्या होत्या. चौथी घरात वाजलं की. पाचवीपुढं ‘संध्याकाळी मागच्या पायरीवर’ एवढंच लिहिलेलं, कारणाचा रकाना सातही दिवस कोरा. डॉक्टरीणबाईंनी त्यावरच बोट ठेवलं. ‘तेव्हा काय करत असता?’ काहीच नाही. बसलेली असते. मग माझ्याच लक्षात आलं. चूल, जनावरं, अंगणवाडी, नातवंडं या सगळ्यात दिवसभरात ‘काहीच नाही’ करत बसायची तेवढी एकच जागा होती. तोंडात मशेरी असली की बाईला कुणी हाक मारत नाही, बोलायला लावत नाही. ‘थांब, तोंडात मशेरी आहे’ हे सासूलाही चालतं, नवऱ्यालाही चालतं. ‘थांब, मी दमलेय’ हे कुणाला चालतं?

म्हणून मी घरात सांगितलं, मशेरी सोडतेय पण पायरी सोडणार नाही. संध्याकाळी वीस मिनिटं मला हाक मारायची नाही. मुलगा हसला. सून हसली नाही. ती तेव्हापासून माझ्या शेजारी येऊन बसते, आणि तिलाही कुणी हाक मारलेली आम्हा दोघींना आवडत नाही. पहाटेला गरम पाणी आणि ओढ्यापर्यंत चालणं लागू पडलं. भांडणानंतरची सगळ्यात चिवट निघाली, ती मधे दोनदा लावलीही. पण दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं आणि पुढं चालू. सहा वर्षं झाली. चट्टा दरवर्षी दाखवते.

एक गोष्ट तरीही लिहावीशी वाटते. पुरुषानं दारू सोडली की गावात माळ घालतात, कीर्तनात नाव घेतात. ते व्हायलाच हवं. पण बाईनं मशेरी सोडली तर ती तिनं लावलेलीच कुणी मोजलेली नसते, मग सोडलेली कोण मोजणार? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ बायका तंबाखूच्या कुठल्या ना कुठल्या रूपात अडकलेल्या निघाल्या. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यात नगण्य. बाकीच्या आमच्यासारख्याच.

आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या नोंदवहीत ‘मशेरी लावता का? उठल्यावर किती वेळानं?’ हे दोन प्रश्न वेगळे छापावेत, एवढं आपण शासनाच्या कानावर घालावं. आणि पुढच्या ३१ मेला एक फोटो काळवंडलेल्या तव्याचा टाकावा. मदतीचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबरही त्याच फोटोखाली द्यावा, कारण आमच्या कागदी पुडीवर तो कधीच येणार नाही.

परवा शेजारी कुणाचा तरी तवा चढला होता. खाट आली आणि सहा वर्षांनंतरही तोंडाला पाणी सुटलं. मागचं दार लावून घेतलं आणि हे पत्र लिहायला बसले.

माझं नाव कृपया छापू नये. सुनेच्या माहेरी अजून सगळे समजतात की आमच्या विहीणबाईंना सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. पाटण, जि. सातारा