वंशावळ योसेफापर्यंत येते

प्रिय आई आणि बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

ही गोष्ट फोनवर सांगता आली असती, पण महत्त्वाचे काही निघाले की बाबा फोन आईच्या हातात देतात आणि आई जेवणाची चौकशी करू लागते, म्हणून सावकाश लिहितो आहे. आम्ही दोघांनी मुलगी दत्तक घ्यायचे ठरवले आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे सगळे ज्याला 'कारा' म्हणतात त्याच्या संकेतस्थळावर आमची नोंदणी झाली, समाजसेविका घरी येऊन सगळे पाहून-विचारून गेल्या, त्यांचा अहवालही सादर झाला, आणि आता आमचे नाव प्रतीक्षायादीत आहे. यादी मोठी असल्यामुळे आमची पाळी केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. पण निर्णय झालेला आहे आणि तो आम्ही प्रार्थना करून, एकमेकांशी पुष्कळ बोलून घेतलेला आहे.

हे तुम्हाला आधी का सांगितले नाही, असे आई विचारील. उपचारांच्या काळात दर वेळी तुमची आशा वाढताना आणि पुन्हा मावळताना आम्ही पाहिली. आई उपास धरायची, तिचा रक्तदाब वाढायचा, आणि बाबा काहीच न बोलता दोन-दोन दिवस पेपरही उघडायचे नाहीत. तो भार पुन्हा तुमच्यावर नको होता. शिवाय उद्या नात्यातले किंवा मंडळीतले कोणी विचारलेच, तर मुलांनी ठरवले आहे एवढे तुम्हाला सरळ सांगता यावे, तुमच्यावर कोणाला उत्तर देण्याची वेळ येऊ नये, हाही विचार होता. तुमचा मान किंवा तुमचे मत आमच्या लेखी कमी आहे असे कृपा करून मनात आणू नका.

बाबा, मोठ्या काकांच्या घरी एकदा हा विषय निघाला होता तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात की शेवटी आपले रक्त ते आपले रक्त. तुम्ही ते दुखावण्यासाठी म्हटले नव्हते आणि मलाही त्याचा राग आला नाही; पण त्या दिवसापासून मी पवित्र शास्त्रातले बाप पुन्हा वाचायला घेतले. ती सवय तुमचीच. मिलमधून दुसऱ्या पाळीहून आलात तरी जेवणानंतर शास्त्र उघडल्याशिवाय तुम्ही झोपला नाहीत, आणि मुले लहान आहेत म्हणून एकही अध्याय गाळला नाहीत. त्यामुळे त्या पुस्तकातले बाप किती चुकणारे आहेत हे आम्हाला शब्बाथशाळेपेक्षा घरातच आधी कळले.

इसहाकाला एसाव प्रिय होता आणि रिबकेला याकोब. त्या दुजाभावापायी भाऊ भावाच्या जिवावर उठला आणि याकोबाला घर सोडून पळावे लागले. एवढे सोसलेला याकोब स्वतः बाप झाल्यावर मात्र तेच करतो. योसेफाला तो वेगळा झगा करून देतो, आणि त्या झग्याला बकऱ्याचे रक्त लावून बाकीची मुले तो बापापुढे आणून टाकतात. एली याजकाचे मुलगे मंदिरात येणाऱ्यांची अर्पणे ओरबाडत होते. त्याने त्यांना बोल लावला, पण आवरले नाही, आणि देवाने त्याच्यावर ठेवलेला दोष नेमका तोच आहे. मग एलीच्याच देखरेखीखाली वाढलेल्या शमुवेलाचे मुलगे बैर-शेबा येथे न्यायाधीश होऊन लाच खाऊ लागतात. हे सगळे पोटचे मुलगे होते. रक्ताने बाप होता येते, पण पुढचे काम रक्त करत नाही, असे मला या कथांतून दिसते.

दावीदाची कथा मी सर्वांत जास्त वेळा वाचली. अम्नोनाने तामारेवर केलेला अत्याचार कानावर आल्यावर राजा फार संतापला, एवढेच शास्त्र सांगते. त्याने मुलाला बोलावून घेतले नाही की मुलीला जवळ घेतले नाही. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारले आणि तो गशूरास पळून तीन वर्षे राहिला. परत आणल्यावरही यरुशलेमेत दोन वर्षे बापाने त्याला तोंड दाखवू दिले नाही. शेवटी अबशालोम बापावरच उलटला, आणि लढाईत तो मारला गेल्याचा निरोप आला तेव्हा दावीद वेशीवरच्या खोलीत जाऊन, माझ्या मुला, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर बरे, म्हणून रडला. ते रडणे खोटे नाही. ते वाचताना आजही माझा आवाज अडतो. पण जे प्रेम त्या वेळी बाहेर पडले ते आधीच्या त्या सगळ्या वर्षांत एका प्रश्नाच्या रूपाने तरी बाहेर पडायला हवे होते. राजांच्या पहिल्या पुस्तकात दावीदाच्या आणखी एका मुलाविषयी, अदोनीयाविषयी, लिहिले आहे की तू असे का केलेस, असे विचारून त्याच्या बापाने त्याला कधीही दुखवले नव्हते. राष्ट्रे जिंकणाऱ्या माणसाला आपल्या मुलाला एवढेही विचारवले नाही.

तुम्ही विचारत होतात, बाबा. संध्याकाळी मला उशीर झाला, तर रात्रपाळीचा भोंगा व्हायची वेळ आली तरी तुम्ही सायकलचे हँडल धरून दारात उभे असायचात, आणि कुठे होतास, कोणाबरोबर होतास, हे ऐकल्याशिवाय निघत नव्हतात. माझे उत्तर ऐकून झाल्यावर डोक्यावरून हात फिरवायचात, आणि त्या हाताला सुताचा आणि तेलाचा वास असायचा. बाप कसा असतो याचे पहिले ज्ञान मला तिथे मिळाले, आणि येणाऱ्या लेकीला मी तेवढे तरी नक्की देऊ शकेन असे वाटते.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो. मर्दखयाने एस्तेरेला वाढवले. ती त्याच्या चुलत्याची मुलगी. आईबाप वारल्यावर त्याने तिला आपली मुलगी मानले. तिला राजवाड्यात नेल्यावर तिचे कसे चालले आहे हे कळावे म्हणून तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोर येरझारा घालीत असे. पुढे त्याच पुस्तकात केवढ्या मोठ्या घटना घडतात, राज्याचा हुकूम निघतो, एक अख्खी जमात मरणातून वाचते. पण मला ते रोजचे चालणेच सर्वांत मोठे वाटते. तिला भेटण्याची मुभा नव्हती, तिच्यासाठी करता येण्याजोगे काही नव्हते, तरी तो गेला. दावीदाच्या हाती सगळे राज्य असून त्याला जे जमले नाही ते या परक्या देशातल्या माणसाला जमले.

आणि योसेफ सुतार. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. देवदूताने सांगितले आणि त्याने उठून तसे केले, एवढेच मत्तय सांगतो. मरीयेला घरी आणले, मुलाला येशू हे नाव दिले, रात्रीच मायलेकरांना घेऊन मिसरात गेला, सांगितल्यावर परत आला. मुलगा बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहिला तेव्हा मरीया त्याला म्हणते की तुझा बाप आणि मी कष्टी होऊन तुझा शोध करत होतो. तिने 'तुझा बाप' म्हटले. नासरेथचे लोकही पुढे, हा सुताराचा मुलगा ना, असेच विचारतात. त्या गावाला दुसरे काही ठाऊकच नव्हते, कारण त्या घरात दुसरे काही दिसतच नव्हते.

आता बाबा, मत्तयाचा पहिला अध्याय काढा. आपल्या मोठ्या शास्त्रात कुटुंबनोंदीच्या पानावर तुम्ही आजोबांच्या बाप्तिस्म्यापासूनची नावे लिहून ठेवली आहेत, आणि माझ्या नावाखालची जागा रिकामी आहे याचे तुम्हाला वाईट वाटते हे मला ठाऊक आहे. मत्तय अब्राहामापासून दावीदापर्यंत, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्या मोजतो, आणि ती सगळी वंशावळ मरीयेपाशी न आणता योसेफापाशी आणतो, जो रक्ताने येशूचा बाप नव्हता. प्रभूला 'दावीदाचा पुत्र' म्हणतात ते योसेफाच्या घरामुळे. त्याच्या कितीतरी आधी, याकोब म्हातारपणी आपल्या मुलाच्या, म्हणजे त्या झग्यावाल्या योसेफाच्या, मिसरात जन्मलेल्या एफ्राईम आणि मनश्शे या मुलांना, रऊबेन आणि शिमोन या माझ्या थोरल्या मुलांसारखेच हे माझे, असे सांगून स्वतःचे मुलगे करून घेतो. शास्त्राला जर ही नावे लिहिताना अडचण वाटली नाही, तर आपल्या पानावरही ते नाव तुमच्याच अक्षरात लिहिले जावे अशी माझी फार इच्छा आहे. घाई नाही. तुमचे मन होईल तेव्हा लिहा.

कायद्याची काळजी करू नका. पूर्वी ख्रिस्ती दांपत्याला 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे आणि मूल सज्ञान झाले की ते संपे. त्या काळातल्या गोष्टी तुम्ही ऐकलेल्या आहेत. बाल न्याय कायद्याखाली आता सर्व धर्मांच्या लोकांना पूर्ण दत्तक घेता येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते मूल सर्व अर्थांनी आपले होते, आणि त्यानंतरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, तिचे कसे चालले आहे हे पाहायला लोक येतात. पुढे कधी आम्हाला मूल झालेच, तरी तिची जागा बदलणार नाही. इसहाक झाल्यावर अब्राहामाने थोरल्या इश्माएलला भाकरी आणि पाण्याची पिशवी देऊन पहाटेच त्याच्या आईबरोबर रानात धाडले, हा अध्याय तुम्ही वाचलात त्या रात्री मी रडून उठलो होतो आणि आईने मला कुशीत घेऊन, बापाला पुरायला शेवटी दोघेही भाऊ एकत्र आले, असे पुढचे सांगून निजवले होते. आमच्या घरात तो अध्याय होणार नाही.

तुमच्या दिनक्रमात काहीही बदलायचे नाही. तुम्हाला पुण्याला येऊन मूल सांभाळायला आम्ही सांगणार नाही. सुरुवातीचे महिने तुमच्या सूनबाई सुट्टी घेणार आहेत, नंतर मी घरून काम करीन. सोलापूरचे घर, बाबांची खिडकीजवळची खुर्ची, आईची रविवारची जागा, शेजारच्या वहिनींबरोबरच्या गप्पा, सगळे तसेच राहील. लेकीला घेऊन आम्ही 'हुतात्मा' एक्स्प्रेसने येत जाऊ. तिला पहिली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आईच्याच हातची मिळेल, तिखट जरा बेताने. निजायला ती जुनी निळी चादर काढून ठेव. नवी विकत आणू नकोस, धुऊन-धुऊन मऊ झालेली तीच मुलांना आवडते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, आणि ती रागाने लिहिली आहे असे समजू नका. ताईच्या मुलांत आणि हिच्यात फरक होऊ देऊ नका. कमी तर तुम्ही देणार नाहीच. पण बिचारी म्हणून जास्तही देऊ नका, कारण तो झगा ज्याच्या अंगावर पडतो त्यालाही तो सुखाने वागू देत नाही. नाताळला सगळ्यांना सारखे कपडे. ती कोठून आली हे तिच्यापासून लपवायचे नाही, पण पाहुण्यांपुढे त्याची चर्चाही करायची नाही. कोणी कौतुकाने म्हणालेच की केवढे पुण्याचे काम, तर विषय बदला. आम्ही कोणावर उपकार करत नाही, आम्हाला लेक हवी आहे.

आणि मानोहाची प्रार्थना करा. शमशोनाच्या जन्माआधीच त्याने देवाला विनवले होते की होणाऱ्या मुलाचे आम्ही कसे करावे ते आम्हाला शिकव. शमशोन पुढे आपल्याच मार्गाने गेला हे मला माहीत आहे, तरी ती विनंती मला योग्य वाटते. आई, पहाटे तू सगळ्या नातवंडांची नावे घेतेस, त्यांत आत्तापासून हिलाही धर. नाव माहीत नसले तरी चालेल.

आता तुमच्याविषयी. बाबा, पाणी रात्री-अपरात्री आले तरी तुम्ही टाकी पाहायला जिन्याने वर जायचे नाही. वरच्या मुलाला मी सांगून ठेवले आहे, तो पाहील. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब वेळेवर घाला. उन्हाळ्यात उपासना सुटल्यावर चालत घरी यायचे नाही, रिक्षाच करायची, पैशांचा विचार करू नका. आई, रक्तदाबाची गोळी उपासाच्या दिवशीही घ्यायची आहे, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितले आहे. गुडघ्यांसाठी खाली बसून भाकरी थापणे बंद कर. ओट्यावर उभ्याने होत नसेल तर बाई लावू, मी पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवतो.

पत्र दोघांनी मिळून वाचा. लगेच फोन करायची गरज नाही. चार दिवस जाऊ द्या, आपसांत बोला, वाटल्यास पाळकसाहेबांशी बोला. मी पुढच्या शनिवारी येतो, तेव्हा बाबांना जे वाटते ते त्यांनी मला तोंडावर सांगावे, मनाविरुद्ध असले तरी सांगावे. मी ऐकून घेईन. निर्णय बदलणार नाही, पण तुमचे ऐकल्याशिवाय मला पुढे जायचे नाही.

तुमच्या सूनबाईंचा सलाम.

तुमचा,
धाकटा

ता. क. : बाबांच्या चष्म्याचा नवा नंबर लिहिलेला कागद कपाटाच्या वरच्या खणात आहे. शनिवारी आलो की आपण दोघे नवी पेठेत जाऊन चष्मा करून घेऊ, तोपर्यंत बारीक अक्षर वाचू नका.