डहाणूच्या लोकलला रूळ हवेत

संपादक महोदय,

विरार-डहाणू मार्गावर लोकलच्या फेऱ्या वाढवण्याचा विषय निघाला की ‘तेवढे प्रवासी आहेत का’ हा प्रश्न हमखास पुढे केला जातो, म्हणून त्या मोजणीविषयी लिहीत आहे.

एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी सेवा विरारच्या पुढे सुमारे ६४ किलोमीटरवर डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा या पट्ट्याला मोठाच दिलासा मिळाला. मात्र चार मार्गिका विरारलाच संपतात. पुढच्या दोन रुळांवरून गुजरात, राजस्थान आणि दिल्लीकडील मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आमची लोकल असे सगळेच धावत असल्यामुळे, एखादी लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली तरी तिला वाट देण्यासाठी लोकललाच मधल्या स्थानकात थांबवले जाते. सेवा वाढवली, रूळ तेवढेच राहिले.

अशा वेळी विकलेले पास मोजून मागणी कशी ठरणार? दुपारची लोकल चुकली की पुढची कधी, याचा भरवसा नसल्याने ज्याने महामार्गावर दुचाकी काढली, किंवा रोजची दगदग नको म्हणून नालासोपाऱ्यात भाड्याची खोली घेतली, तो या मोजणीत कुठेच दिसत नाही. शिवाय येथील गर्दी केवळ मुंबईच्या दिशेने नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारे वसई-विरारचे कामगार सकाळी उलट दिशेने प्रवास करतात, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याचे मुख्यालय झाल्यापासून सरकारी कामांसाठी येणाऱ्यांची त्यात भर पडली आहे. म्हणजे सकाळची गाडी दोन्ही दिशांना भरू शकते. उपनगरी रेल्वेच्या हिशेबात याहून फायद्याची गोष्ट कोणती? (केळव्याची भाजी आणि डहाणूचे चिकू घेऊन निघणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच, त्यांना पहाटेचीच गाडी लागते.)

मुंबई नागरी परिवहन प्रकल्प ३ मधील विरार-डहाणू चौपदरीकरणाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. ते पूर्ण होईपर्यंत निदान एवढे व्हावे: समर्पित मालवाहतूक मार्गाकडे मालगाड्या वळतील तसतशी जुन्या रुळांवर जी वेळ मोकळी होईल, ती आणखी एक्स्प्रेस गाड्यांना देण्याआधी लोकलसाठी राखावी, आणि तसे वेळापत्रकाच्या पुढील फेररचनेपूर्वी पश्चिम रेल्वेने जाहीर करावे.

आपला,
एक पासधारक, पालघर