ई-निविदेच्या आधी आणि नंतर : मा. उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उद्योग विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई 400032

विषय : शासकीय खरेदीची माहिती मागणीपासून शेवटच्या देयकापर्यंत एकाच क्रमांकाखाली जाहीर करण्याबाबत

महोदय,

राज्यातल्या शासकीय कार्यालयांनी खरेदी कशी करावी, याची नियमपुस्तिका आपल्या विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने लागू झाली. म्हणून हे पत्र आपल्याला. बांधकामाच्या निविदा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांनी चालतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण दुखणे एकच असल्यामुळे त्यांच्याबद्दलही इथे लिहीत आहोत.

राज्याचे ई-निविदेचे महाटेंडर्स पोर्टल आल्यापासून एक गोष्ट नक्की सुधारली. निविदेचा कोरा फॉर्म मिळवण्यासाठी पूर्वी कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत, फॉर्म संपले म्हणून परत पाठवले जाई, आणि लिफाफा टाकायच्या दिवशी पेटीजवळ माणसे उभी असत. ते दिवस गेले. पण टक्केवारी गेली नाही, तिने जागा बदलली. निविदा प्रसिद्ध होण्याआधी, अटी आणि स्पेसिफिकेशन लिहिले जाते तेव्हा. आणि कार्यारंभ आदेश निघाल्यावर, माल उतरतो, मोजमाप होते, देयक निघते तेव्हा. पोर्टलवर दिसतात ते मधले दोन-तीन आठवडे. पैसा जिथे मुरतो त्या दोन्ही टोकांना बाहेरच्या माणसाला काहीच दिसत नाही.

आधी अटींबद्दल. मर्जीतल्या ठेकेदाराला काम द्यायचे ठरले की कुणी बोलीत फेरफार करत बसत नाही. त्याच्याखेरीज कुणी पात्रच ठरणार नाही अशी अट घातली जाते. रस्त्याच्या कामात हॉटमिक्स प्लांट (डांबर-खडीचे मिश्रण बनवणारा कारखाना) अमुक किलोमीटरच्या आत हवा. संगणकाच्या खरेदीत कॅबिनेटची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, तीही एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून जशीच्या तशी उतरवलेली. पुरवठादाराने याच जिल्ह्यात, याच विभागाला, याच वस्तूचा पुरवठा पूर्वी केलेला असावा. केंद्रीय दक्षता आयोगाने 17 डिसेंबर 2002 च्या परिपत्रकात कामांसाठी पात्रतेचे माप सांगून ठेवले आहे : मागच्या 3 वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान 30 टक्के, आणि पूर्वी केलेली तशीच 3 कामे प्रत्येकी 40 टक्क्यांची, किंवा 2 कामे 50 टक्क्यांची, किंवा 1 काम 80 टक्क्यांचे. हे माप राज्यावर बंधनकारक नाही, पण पडताळणीला उत्तम आहे. ज्या निविदेत उलाढालीची अट 30 ऐवजी 150 टक्के आहे, तिथे ती कुणी आणि का सुचवली याची सही असलेली टिपणी निविदेसोबतच पोर्टलवर हवी. आज ही टिपणी नस्तीत राहते आणि नस्ती कपाटात.

याहून वाईट अटी त्या, ज्या बोलीदाराचे नाव आधीच फोडतात. कार्यकारी अभियंत्याकडून जागेच्या पाहणीचा दाखला आणा, बयाणा रकमेचा (बोलीसोबतच्या अनामतीचा) डिमांड ड्राफ्ट मुदतीपूर्वी कार्यालयात जमा करा, वस्तूचा नमुना भांडारात ठेवून पावती घ्या. बोली कितीही कूटबद्ध असो, कोण कोण भरणार याची यादी कार्यालयात तयार झालेली असते, आणि त्या संध्याकाळी ज्याला फोन जायचा त्याला जातो. या तिन्ही अटी एका ओळीच्या आदेशाने बंद करता येतील. बयाणा रक्कम ऑनलाइन भरली जावी, नमुना तांत्रिक (पात्रतेच्या कागदपत्रांचा) लिफाफा उघडल्यावरच मागवला जावा, आणि जागा पाहिल्याचे बोलीदाराचे स्वयंघोषणापत्र पुरेसे मानले जावे.

निविदा टाळण्यासाठी मोठ्या खरेदीचे तुकडे पाडण्याबद्दल नियमपुस्तिका स्पष्ट आहे, तरी तुकडे पडतात, कारण ते शोधायला कुणी बसलेले नाही. ई-निविदेची मर्यादा 3 लाख असो वा 10 लाख, तिच्या जरा खाली थांबणारे आदेश रांगेने निघतात. एकच रस्ता साखळी क्रमांक (किलोमीटर/मीटर) 0/000 ते 0/200, मग 0/200 ते 0/400 असा कापला जातो. हे पकडायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. एकच आहरण अधिकारी (कार्यालयाची देयके काढणारा), एकच वस्तुगट, 90 दिवसांची खिडकी, आणि बेरीज मर्यादेपेक्षा जास्त : एवढी साधी चाळणी दर सोमवारी चालवली आणि तिचा निकाल विभागीय आयुक्तांकडे गेला, तरी मार्चमधली निम्मी गडबड फेब्रुवारीतच दिसेल. अट एकच : मर्यादेखालच्या खरेदीची नोंदही त्याच ठिकाणी व्हायला हवी. आज ती कोटेशनच्या फायलीत असते.

संगनमताचेही तसेच आहे. तीन बोली येतात, दोन नावापुरत्या. पुढे हरलेल्यांपैकीच एक जण त्याच कामावर उपठेकेदार म्हणून दिसतो. सर्व्हरवर खुणा उरतात : एकच आयपी पत्ता (म्हणजे एकच इंटरनेट जोडणी), काही मिनिटांच्या अंतराने चढवलेल्या बोली, एकाच माणसाने तयार केलेल्या पीडीएफ फायली, आणि तिन्ही दरपत्रकांत शुद्धलेखनाची तीच चूक. छत्तीसगडमध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अशा खुणा तपासल्या तेव्हा आढळले की 74 संगणक अधिकारी आणि बोलीदार दोघांनीही वापरले होते. त्या निविदा 1,921 होत्या आणि त्यांची रक्कम 4,601 कोटी रुपये. उत्तर प्रदेशातल्या माती परीक्षणाच्या निविदांत भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये कंपन्यांना दोषी धरले, तेव्हाही समान आयपी पत्ते हा पुराव्याचा भाग होता. इथे एक सावधगिरी मात्र हवी. तालुक्याच्या गावी निविदा भरून देणारी एक-दोनच दुकाने असतात आणि प्रामाणिक ठेकेदारही तिथूनच भरतात. म्हणून एकच आयपी दिसला की बोली बाद करू नये, चौकशीची खूण लावावी. दोन-तीन खुणा एकत्र आल्या की आर्थिक (दरांचा) लिफाफा उघडण्याआधी समितीच्या पडद्यावर सूचना यावी आणि समितीने काय ठरवले ते लेखी द्यावे.

संगणकीकरण हेच संरक्षण, असा समजही धोक्याचा आहे. 2018 मध्ये मध्य प्रदेशच्या ई-खरेदी पोर्टलवर बंद बोलींत फेरफार झाल्याच्या संशयावरून जल निगमच्या तीन निविदा रद्द कराव्या लागल्या. बोली मुदतीला बंद होते त्याच क्षणी तिची हॅश किंमत (मजकुरातून निघणारा, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा सांकेतिक ठसा) सार्वजनिक पानावर छापली गेली, तर पुढे कुणीही एक अंक बदलला तरी जगाला कळेल. याला खर्च जवळजवळ शून्य आहे. आणि अधिकाऱ्याचे डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल पिनसकट ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये राहणे, ही तर शिस्तभंगाचीच बाब मानली पाहिजे.

आता कार्यारंभ आदेशानंतरचा भाग. सर्वात मोठी गळती इथे आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, बी-2 म्हणजे बाबनिहाय दराच्या निविदेत मऊ मातीचे खोदकाम 4,000 घनमीटर आणि कठीण खडकाचे 200 घनमीटर धरले आहे. पहिला ठेकेदार मातीला 150 आणि खडकाला 600 रुपये दर भरतो. त्याची बेरीज 7 लाख 20 हजार. दुसरा मातीला फक्त 90 आणि खडकाला तब्बल 1,500 भरतो. त्याची बेरीज 6 लाख 60 हजार, म्हणून तोच एल-वन, म्हणजे सर्वात कमी बोलीचा. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत माती 2,500 घनमीटर आणि खडक 1,700 घनमीटर अशी नोंद होते. एकूण खोदकाम तेवढेच, 4,200. पण देयक होते 27 लाख 75 हजारांचे. पहिल्या ठेकेदाराला काम दिले असते तर याच मोजमापावर 13 लाख 95 हजार लागले असते. निविदा स्वच्छ, सर्वात कमी बोलीलाच काम, लेखापरीक्षणाला कागद बिनचूक, आणि सरकारचे पैसे दुप्पट गेले. खडक कुठे लागणार हे त्या ठेकेदाराला आधीच कसे कळले, हा प्रश्न विचारायला मूळ परिमाण आणि प्रत्यक्ष मोजमाप शेजारी-शेजारी दिसले पाहिजे. आज मूळ परिमाण पोर्टलवर असते आणि मोजमाप पुस्तिका उपविभागात.

अंदाजपत्रकापेक्षा 25-30 टक्के कमी दराने घेतलेली कामे वाढीव बाबी आणि मुदतवाढ यांतून पुन्हा मूळ रकमेला पोहोचतात, तीही याच अंधारात. मूळ करारापेक्षा एखादी बाब 25 टक्क्यांहून अधिक वाढली, तर वाढीचे कारण, मंजूर करणाऱ्याचे पदनाम आणि जागेचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र देयकाआधी प्रसिद्ध व्हावे.

वस्तूंच्या खरेदीत पाणी मुरते ते भांडाराच्या दारात. औषधांचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे चाचणीत दिसले. वेष्टनावर ज्या उत्पादकाचे नाव होते, तो अस्तित्वातच नव्हता. निविदा, दर, आदेश यांपैकी कुठल्याही कागदात हे दिसणार नव्हते. ते दिसले असते पुरवठ्याच्या नोंदीत : उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, चाचणी अहवालाचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचे नाव. सरकारी औषधसाठ्याच्या ई-औषधी प्रणालीत साठ्याच्या नोंदी होतातच. त्यातल्या एवढ्या रकान्यांचे पान लोकांसाठी उघडावे, आणि परवाना क्रमांक अन्न व औषध प्रशासनाच्या यादीशी जुळल्याखेरीज प्रणालीने माल दाखल करूनच घेऊ नये. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा 2023 मध्ये झाला. हे प्राधिकरण ज्या तमिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाच्या धर्तीवर आहे, त्याची खरी ताकद एकगठ्ठा खरेदीइतकीच बॅचनिहाय चाचणीत आहे, हे विसरता कामा नये.

आपण हे सगळे भरायला सांगाल आणि कार्यालये भरणार नाहीत, अशी शंका रास्त आहे. महाटेंडर्सवर काम कुणाला मिळाले, कितीला मिळाले, हा रकाना आजही कितीतरी निविदांत रिकामा असतो. तो भरला नाही म्हणून कुणाचे काही अडत नाही. आमच्या मते सर्व सुधारणेची किल्ली इथेच आहे. सरकारी कार्यालयात माहिती तिथेच भरली जाते, जिथे ती न भरल्यास पैसे अडतात. अनुदान वाटपाची बीम्स प्रणाली आणि कोषागार ही ती जागा. प्रत्येक खरेदीला प्रशासकीय मान्यतेच्या वेळीच एक क्रमांक द्यावा. तोच क्रमांक महाटेंडर्सवर किंवा जेम या केंद्राच्या खरेदी पोर्टलवर, तोच कार्यारंभ किंवा पुरवठा आदेशावर, तोच मोजमापावर, तोच देयकावर. त्या क्रमांकाखाली करार, बाबनिहाय परिमाण आणि स्वीकृतीची नोंद प्रसिद्ध नसेल, तर बीम्सने देयकासाठी प्राधिकार पत्र तयारच करू नये. नवे पोर्टल नको. असलेल्या तीन प्रणालींमध्ये एक सामाईक रकाना आणि एक कुलूप हवे. पूर, साथ अशा आपत्तीच्या खरेदीला मुभा असावी, पण 30 दिवसांत नोंद पूर्ण करण्याच्या अटीवर.

याच साखळीत देयकांची रांगही उघडी करावी. देयक कोणत्या तारखेला आले, कोणत्या टेबलावर आहे, निधीअभावी थांबले की त्रुटीमुळे, हे दिसत नाही म्हणून ते पुढे सरकवण्याची किंमत ठरते. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे मिळावेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळावे, असे 2006 चा केंद्रीय कायदा सांगतो. व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या निविदेत टिकत नाही, म्हणून कुणी मागत नाही. आलेल्या क्रमानेच देयके निघतील आणि क्रम मोडल्यास कारण त्याच पानावर दिसेल, असे झाले तर प्रामाणिक लहान पुरवठादार सरकारी कामाकडे परत येतील. बोली वाढतील, दर उतरतील.

माहिती जाहीर करताना ती यंत्राला वाचता येईल अशी द्यावी. स्कॅन केलेली पीडीएफ आणि प्रत्येक शोधाला कॅप्चा, अशी पारदर्शकता पत्रकाराला, ग्रामसभेला आणि खुद्द लेखापरीक्षकालाही उपयोगाची नाही. खरेदीची माहिती मांडण्याचा ओपन कॉन्ट्रॅक्टिंग डेटा स्टँडर्ड हा खुला नमुना तयार आहे. युक्रेनने 2016 पासून प्रोझोरो या आपल्या ई-खरेदी प्रणालीत सरकारी खरेदीची माहिती त्याच नमुन्यात सर्वांसाठी उघडी ठेवली, आणि आपल्याकडे आसामने तो वापरला आहे. व्यापारी गुपिताचे कारण पुढे केले जाईल. बोलीदाराचे तांत्रिक आराखडे जरूर झाका, पण सरकारने दिलेला दर, घेतलेले परिमाण आणि दिलेले पैसे हे गुपित कसे ठरते? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 खाली खरेदीची माहिती आपणहून जाहीर करावी, असे केंद्राच्या कार्मिक विभागाने 15 एप्रिल 2013 च्या ज्ञापनात सांगितलेच आहे.

तमिळनाडूने 1998 मध्ये, कर्नाटकाने 1999 मध्ये आणि राजस्थानने 2012 मध्ये खरेदीच्या पारदर्शकतेचा कायदा केला. आपल्याकडे सारे शासन निर्णयांवर चालते, आणि शासन निर्णयाला दुसऱ्या शासन निर्णयाने बगल देता येते. कायदा हवाच. पण त्याची वाट पाहत थांबायचे कारण नाही. बोलीदाराची ओळख फोडणाऱ्या तीन अटी रद्द करणारे परिपत्रक आपल्या विभागाला या महिन्यात काढता येईल. सामाईक क्रमांक आणि बीम्सचे कुलूप यांसाठी वित्त विभागाची संमती लागेल. ती मागणारा प्रस्ताव आपण सार्वजनिक आरोग्य आणि शालेय शिक्षण या दोन विभागांपुरता, येत्या 1 एप्रिलपासून लागू होईल असा, मंत्रिमंडळापुढे ठेवावा, ही विनंती. रकान्यांचा मसुदा, चाळण्यांची सूत्रे आणि चाचणीसाठी लागणारा वेळ आम्ही विनामूल्य द्यायला तयार आहोत.

आपले,
सार्वजनिक खरेदीच्या कामातले काही अभियंते, लेखापाल आणि पुरवठादार