भेटवस्तूंपेक्षा आपुलकी मोलाची

महोदय,

दिवाळी जवळ आली की पुण्यातील कंपन्यांमध्ये सुक्या मेव्याच्या एकसारख्या खोक्यांची देवाणघेवाण सुरू होते. मात्र भोसरीतील लघुउद्योजक आणि त्यांच्याकडून सुटे भाग घेणारे चाकणचे मोठे कारखाने यांच्यातील विश्वास आजारी वडिलांची आठवणीने केलेली चौकशी, मुलीच्या दहावीच्या निकालानंतर आलेला फोन किंवा भर पावसात माल पोहोचवणाऱ्या चालकाचे नाव घेऊन मानलेले आभार यांतूनच वाढतो, असे मला मनापासून वाटते. अशा चौकशीमागे पुढच्या ऑर्डरची अपेक्षा दडलेली असेल, तर ती समोरच्याला लगेच जाणवते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत वाटाघाटींची कौशल्ये शिकवली जातात. तेथेच विद्यार्थ्यांना स्वहस्ते आभारपत्र लिहिण्याची सवयही लावावी, अशी शहरातील महाविद्यालयांना आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे