बाक आधी, कपाटं मागाहून

पुणे, 9 जानेवारी

प्रिय शैला,

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही मिळाली. 112 वस्तू! वाचनालयाच्या वाड्यात कायमचं प्रदर्शन करायचं ठरलं, काचेच्या कपाटांचं कोटेशन आलं, उद्घाटनाला कोण येणार तेही जवळजवळ पक्कं झालं, आणि आता कुणाला तरी आठवलं की शैलाची ती पुण्यातली मैत्रीण हेच काम करते, तिला विचारा. वरात दारात आल्यावर मांडवाची चौकशी. पण तू विचारलंयस म्हणून रागावत नाही, फक्त एक कर. कपाटांची ऑर्डर थांबव. मी येईपर्यंत एक पैसाही आगाऊ देऊ नकोस.

"तुम्ही लोक सुरुवात कुठून करता?" असं तू विचारलंस. लोकांना वाटतं आम्ही रंगापासून सुरुवात करतो, नाहीतर दिव्यांपासून. मी नकाशावर सगळ्यात आधी बसायची जागा काढते. हसू नकोस. क्यूरेटर मंडळीही, म्हणजे वस्तू निवडणारे, हसतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर वस्तू असतात आणि माझ्या डोळ्यांसमोर गुडघे.

हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही. आमच्या आजीची चैत्रगौरीची आरास तुला आठवत असेल, तू दोनदा आली होतीस. डब्यांवर पाट, पाटांवर आईची जुनी साडी, अशा पायऱ्या. वर झोपाळ्यात गौर, खाली कलिंगडाचं कमळ आणि आमची झाडून सगळी खेळणी. मांडून झालं की आजी खोलीच्या दाराशी जाऊन सतरंजीवर बसायची आणि तिथून सांगायची, "तो हत्ती पुढे घे, बाहुलीचं तोंड झाकतोय." उभ्याने बघून तिने कधीच काही ठरवलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका खाली बसणार, बसून आंब्याची डाळ खाणार, पन्हं पिणार आणि तेवढा वेळ आरास बघणार, म्हणून नजरेची उंची बसलेल्या बाईची. बघणाऱ्याला टेकायला जागा, घशाला ओलावा आणि नजरेच्या टप्प्यात वस्तू. गेली 26 वर्षं मी हेच करतेय, फक्त आता त्याचं बिल पाठवते.

पुढे वाचनात बेंजामिन गिलमन नावाचे गृहस्थ भेटले, बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले. 1916 साली त्यांनी संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर एक लेख लिहिला. चांगल्या नजरेच्या एका माणसाला त्यांनी साधे साधे प्रश्न दिले, त्यांची उत्तरं कपाटांतल्या वस्तू आणि चिठ्ठ्या बघूनच मिळणार होती. मग तो माणूस उत्तरं शोधत असताना त्याचे फोटो काढले. काय एकेक अवतार! कुठे कमरेत दुमडलेला, कुठे जवळजवळ ओणवा, कुठे मान वाकडी. सगळे फोटो ओळीने बघितले की कुणी व्यायामाचा तक्ता काढलाय असं वाटतं. गिलमन म्हणतात, ही कसरत थोडा वेळ चालते, मग माणूस बघणं सोडून नुसता चालत सुटतो. शंभर वर्षं उलटून गेली तरी कपाटाचा खालचा कप्पा कुणी सोडला नाही. तुमच्या कोटेशनमध्ये कपाटाला पाच कप्पे आहेत. खालचे दोन कुणासाठी, मांजरासाठी?

आता माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकते असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी जुन्या वस्त्रांचं प्रदर्शन केलं. देखणं झालं होतं. पांढऱ्या भिंती, करड्या अक्षरांतली लेबलं, सगळी एका रेषेत, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. उद्घाटनाला आई आली. तिला बायफोकल चष्मा, म्हणजे वाचायची काच खाली. डोळ्यांसमोरचं लेबल वाचायला तिला हनुवटी छताकडे करावी लागत होती. चौथ्या लेबलाला तिने मान चोळली, सहाव्यापाशी पदराने चष्मा पुसला, आणि मग मला म्हणाली, "छान केलंयस गं, आता चहा कुठे आहे?" पुढच्या दालनातल्या मेजावरच्या कपाटांत तर दिवे बघणाऱ्याच्या पाठीमागे होते, त्यामुळे वाचायला वाकलेल्या प्रत्येकाची सावली नेमकी त्या लेबलावर. त्या रात्री घरी येऊन मी रडले होते.

तेव्हापासून चित्र किंवा फोटो असेल तर त्याचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर घेते. लेबल मात्र त्याच्या खाली, छातीच्या उंचीला आणि थोडं तिरकं, व्यासपीठावरच्या पोथीसारखं. पोथी वाचणाऱ्याची मान कधी दुखलेली ऐकलीस? शिवाय चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही आणि सहावी-सातवीतल्या पोरांनाही ते वाचता येतं.

लेबलांवर अजून थोडं बोलू दे, कारण तिथे तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तुझ्या यादीत "पायली : धान्य मोजण्याचे पितळी माप" असं लिहिलंय. हे ज्याला पायली माहीत आहे त्याला नको आणि ज्याला माहीत नाही त्याला पुरत नाही. त्याऐवजी असं बघ : "ही पायली. हिच्यात चार शेर धान्य मावतं. काठाला सपाट करून द्यायचं की शिगोशीग भरून, ते देणाऱ्याच्या मनावर." पोरगं लगेच विचारेल, शिगोशीग म्हणजे काय? आणि आजोबा हात करून दाखवतील. तो हात व्हायला हवा. मापं खरोखर भरून दाखवायचा मोह मात्र आवर. धान्य आलं की किडे आले, आणि किडे तुमच्या पोथ्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. अच्छेर (म्हणजे अर्धा शेर), शेर, पायली अशी चढत्या क्रमाने मांड, हिशोब डोळाच करतो.

एक लेबल म्हणजे 40-50 शब्द, त्यापुढे नाही. अक्षर मोठं घे. इंग्रजीच्या मापाने देवनागरी छापली की ती बारीक दिसते. आपल्याला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यांना श्वास घ्यायला ओळींमध्ये जास्त जागा लागते. छापखानेवाला ओळी दाबून बसवेल आणि "मॅडम, जागा वाचली" म्हणेल. ऐकू नकोस.

लेबल कुठे असावं याचं एक टोकाचं उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. साओ पाउलोच्या कलासंग्रहालयात लिना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईंनी 1968 साली भिंतीच काढून टाकल्या. काँक्रीटच्या ठोकळ्यात उभी काच रोवली, त्या काचेवर चित्र, आणि चित्राची माहिती काचेच्या मागच्या बाजूला. मोठ्या दालनात चित्रं माणसांसारखी उभी. आधी चित्र बघायचं, चित्रकार कोण हे जाणून घ्यायचं असेल तर त्याच्या पाठीशी जायचं. पुढे कुणाला तरी हे पटेनासं झालं, 1996 मध्ये काचा हलवल्या आणि 2015 मध्ये पुन्हा आणल्या. मला ही बाई फार आवडते, पण आपल्याकडे मी असं करणार नाही. आपला माणूस आधी पाटी शोधतो. मागे जावं लागलं तर त्याला वाटेल आपल्यापासून काहीतरी लपवलंय.

आता तुझा वाडा. शैला, तुला कल्पना नाही तुझ्याकडे केवढं घबाड आहे. जुनं कापड आणि कागद यांच्यावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही असा आमच्या धंद्यातला दंडक. लक्स हे उजेडाचं माप. भर दुपारी उघड्यावर ते लाखाच्या घरात जातं. आणि उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, रात्री दिवे मालवले म्हणून उडालेला रंग परत येत नाही. पण उन्हातून आलेल्या माणसाला एकदम 50 लक्समध्ये ढकललं तर त्याला ठार काही दिसत नाही, तो म्हणतो, "दिवे लावा हो!" डोळ्यांना रुळायला काही मिनिटं लागतात. नव्या इमारतीत ती मिनिटं मिळवायला आम्ही पडदे लावतो, वळणं काढतो, भिंती हळूहळू गडद करत नेतो. तुझ्याकडे हे सगळं बांधूनच ठेवलंय : चौकात ऊन, ओसरीवर सावली, माजघरात अंधुक, देवघरात त्याहून कमी. म्हणून दगडाचं आणि पितळेचं सामान ओसरीवर, लाकूड त्याच्या आत, आणि पैठणी, पोथ्या, जुने फोटो माजघरात. तिथल्या झरोक्यावर मात्र पडदा हवा. तुमच्या अध्यक्षांना पैठणी दिंडी दरवाजासमोर, "आल्या आल्या दिसेल अशी" हवी आहे ना? त्यांना सांग, तसं केलंत तर नातवाला दाखवायला रंग उरणार नाही.

वाट कुठून कशी जावी हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत 1935 च्या सुमारास आर्थर मेल्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने संग्रहालयात येणाऱ्यांच्या मागे राहून नोंदी केल्या. दालनात शिरल्यावर बहुतेक लोक उजवीकडे वळतात असं त्यांना दिसलं, आणि पुष्कळ वर्षं सगळे तेच घोकत होते. मी मात्र बघते की खोलीच्या मधोमध काही ठेवलं तर आपली माणसं डावीकडून निघतात, ती वस्तू उजव्या हाताला ठेवून. प्रदक्षिणा अंगात मुरलेली आहे. मधोमध काही नसेल तर पंख्याखाली जातात. हे शास्त्र नव्हे, माझं निरीक्षण. पण तुमच्या चौकात तुळशीवृंदावन आहे, तेव्हा ओसरीवरची गोष्ट डावीकडून सुरू कर आणि निर्धास्त राहा.

112 वस्तूंपैकी किती ठेवायच्या? नेहमी मी म्हणते, निम्म्या बाजूला काढा. पण हा नियम आंधळेपणाने लावायचा नाही, हे मला केळकर संग्रहालयाने शिकवलं. आपण अकरावीत गेलो होतो, तू अडकित्त्यांसमोरून हलायला तयार नव्हतीस. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून गोळा केलेला तो पसारा, आणि वर अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव. तिथे एकच अडकित्ता सुंदर प्रकाशात एकटा ठेवला असता तर तू दोन मिनिटांत पुढे गेली असतीस. अडकित्त्यांची रांग लागली की कळतं, सुपारी कातरण्यासारख्या कामातही माणसाला मोर सुचतो, घोडा सुचतो, बाई सुचते. तिथे गर्दी हेच सांगणं आहे. तुमच्या यादीत 19 तांबे आहेत. ते सगळे ठेव, एका फळीवर, खांद्याला खांदा लावून. पण टाइपरायटर तीन आणि सत्कारांच्या शाली सात, त्या कशासाठी? (शाली कुणाच्या ते मी ओळखलंय. त्यांचं बघू.)

जात्याला काच लावू नकोस. काचेतलं जातं म्हणजे नुसता दगड. ते माजघराच्या दाराशी जमिनीवर ठेव, शेजारी दोन पाट, खुंटा घट्ट बसवून घे. एका माणसाने ओढून बघितलं की दंडाला जे कळतं ते पॅनेलवर लिहून कळत नाही. वरची तळी निसटणार नाही अशी बसवून घेऊ, म्हणजे पोरांची बोटं वाचतील. ते मी सुताराला आल्यावर समजावते.

आणि कपाटांच्या आधी घोटीव कागदाचे, नाहीतर जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे कापून घे. प्रत्येक पॅनेल, प्रत्येक कपाट, खऱ्या मापात. मास्किंग टेपने भिंतीला लाव, जमिनीवर खडूने चौकोन आख. मग शाळेतली चाळीस मुलं एकदम आत सोड आणि कोपऱ्यात गुपचूप उभी राहा. कुठे तुंबतात, कुठे पळतात, खडूची कुठली रेघ पुसली जाते, ते लिहून ठेव. काचेत काय दिसेल हेही तेव्हाच बघता येतं : दिवा जिथे येणार तिथे कुणाला तरी मोबाइलची बॅटरी धरायला सांग आणि काचेचा एखादा तुकडा उभा धर. तुझाच चेहरा दिसला तर दिवा हलवायचा. पांढरा सदरा घातलेल्या माणसाला उभं कर, सगळ्यात जास्त तोच चमकतो. म्हणजे उद्घाटनाचे सगळे पाहुणे.

मी 24 तारखेच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तोपर्यंत मला एवढं पाठव : प्रत्येक खोलीचे सकाळी दहाला आणि दुपारी चारला काढलेले फोटो, ऊन कुठवर येतं ते दिसेल असे, दारांची रुंदी, उंबऱ्यांची उंची, आणि जिन्याला कठडा आहे की नाही. उंबरे काढायला कुणी सांगितलं तर काढू नका, त्यांवर लाकडी उतार ठेवता येतो.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलंच नाहीस. फोनवर विचारलं की "बरं आहे" म्हणतेस आणि विषय बदलतेस. आले की तुलाच वाड्यात फिरवणार आहे, आणि जिथे तू खांबाला हात लावशील तिथे बाक ठेवणार आहे.

तुझी,
मीना

ता. क. वाचनालयाच्या जुन्या दालनातली ती लांब सागवानी बाकं, ज्यांच्यावर आपण परीक्षेच्या आधी झोपायचो, ती भंगारात काढायचं चाललंय असं तू मागे म्हणाली होतीस. विकली नसतील तर आजच्या आज अध्यक्षांना फोन कर.