पाणाड्या बोलावण्याआधी

सांखळी

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. भाटात, म्हणजे बागायतीत, विहीर काढायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. जागा दाखवायला बेचक्याची फांदी घेऊन पाणाड्या येणार आहे आणि त्याने वाड्यावर दाखवलेल्या सगळ्या विहिरींना पाणी लागलं, मग हा पुरावा नव्हे का, असं तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे.

पण हा हिशेब अर्धाच आहे. त्याने जिथे 'इथे पाणी नाही' म्हटलं, तिथे कुणी खणून पाहिलं? गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या चिकणमातीवर अडतं. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याशी झरी फुटतात त्या यामुळेच. तुझं भाट अशाच पायथ्याला आहे. तिथे कुणीही बोट दाखवलं तरी पाणी लागण्याचा संभव मोठा, मग त्याचं श्रेय फांदीला कसं द्यायचं?

फांदी वळते हे खरं, आणि पाणाड्या लबाड आहे असं मला मुळीच वाटत नाही. बेचक्याची फांदी ताणून धरली की मनगट जरासं फिरलं तरी टोक झटक्याने खाली येतं, आणि मनगट फिरल्याचं धरणाऱ्याला कळतही नाही. अशा नकळत हालचालींबद्दल इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ सालीच लिहिलं होतं. म्हणून 'फांदी वळली का?' हे विचारून काही हाती लागत नाही. पाणी कुठे आहे हे माहीत नसतानाही ती बरोबर जागी वळते का, ते बघायचं.

त्यासाठी झाकणाच्या दहा बालद्या पुरतात. आधी झाकणं उघडी ठेवून पाणाड्याला फिरू दे. भरलेल्या बालदीवर फांदी वळते, हे त्याने स्वतः मान्य करायला हवं. साठलेलं पाणी चालत नाही, वाहतंच लागतं, असं तो म्हणाला तर बालद्या सोडून पाइप घ्या, पण हे आधी ठरू दे. निकालानंतर निघालेली सबब धरायची नाही. मग एकाने चिठ्ठी काढून एकच बालदी भरायची, दहाही झाकायच्या आणि तिथून निघून जायचं. पाणाड्यासोबत दुसऱ्याने थांबायचं, ज्याला काहीच माहीत नाही. बहुतेक चाचण्या बिघडतात त्या इथेच: जाणकार माणूस समोर असला की त्याची नजर, त्याचं थबकणं उत्तर सांगून जातं. प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी काढून असं दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने सरासरी एकदा बरोबर येईल. चार किंवा अधिक वेळा येण्याचा संभव शंभरात जेमतेम एक. तेव्हा पाच वेळा बरोबर आलं तर मी त्याचं म्हणणं गंभीरपणे घेईन आणि चाचणी पुन्हा करायला सांगेन.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ पाणाडे कोठाराच्या वरच्या मजल्यावर, आणि खाली गाडीवरून सरकवता येणारा पाण्याचा पाइप. ८४३ चाचण्या झाल्या. मोजक्या काहींना जमलं, असं आयोजकांचं मत पडलं. अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एका फेरीत चमकलेल्यांना पुढच्या फेरीत ते टिकवता आलं नव्हतं.

जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, मोजून पाणी शोधणारेही चुकतात, बरं का. चार सळया एका रेषेत ठोकून बाहेरच्या दोनांतून वीज सोडतात आणि आतल्या दोनांत विजेचा दाब मोजतात. चिकणमाती आणि खाडीचं खारं पाणी, दोन्ही कमीच रोध दाखवतात, त्यामुळे फसगत होते. पण किती खोलीवर कोणता थर, हे ते आधी लिहून देतात. खणल्यावर ते पडताळता येतं आणि चूक कुठे झाली तेही सापडतं. माझा विश्वास आहे तो यावर.

तू आधी एवढं कर. मेअखेरीस, पंप सकाळी सुरू होण्याआधी, आसपासच्या विहिरींत वजन बांधलेली दोरी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोज. काठांच्या उंचीतला फरक पारदर्शक नळीत पाणी भरून काढ, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळवता येणार नाहीत. चिकणमाती किती खोलीवर लागली ते विहीर खणणाऱ्यांना विचार. २००२ च्या भूजल कायद्याप्रमाणे परवानगीही लागेल. आकडे पाठवलेस की जागा नकाशावर मांडून बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत